आधी मालकाचे, मग वेदीचे

बुधवार, रात्र

आज बायबलमधले १ शमुवेल १५ आणि लेवीय ६ हे अध्याय लागोपाठ वाचले. आज्ञा महाग पडू लागली की माणूस देवाला तोंडावर 'नाही' क्वचितच म्हणतो. देवाने मागितलेले तो ठेवून घेतो आणि न मागितलेले उदार हाताने वाहतो. इस्राएलचा राजा शौल याचे हेच झाले. अमालेकी लोकांचा आणि त्यांच्या गुराढोरांचा पूर्ण नाश करावा, अशी त्याला आज्ञा होती. (अमालेकाशी झालेल्या त्या युद्धाचा प्रश्न अवघड आहे. तो इथे उरकता येणार नाही.) अमालेक्यांचा राजा अगाग याला त्याने जिवंत ठेवले, उत्तम मेंढरे-गुरे राखली, टाकाऊ तेवढे नष्ट केले आणि संदेष्टा शमुवेल दिसताच म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलाने एवढेच विचारले की मग मेंढरांचा हा आवाज कसला?

लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी, हे शौलाचे पहिले उत्तर. पुढेही तो तेच सांगतो. खरे कारण २४व्या वचनात बाहेर पडते: तो लोकांना भ्याला. पाप कबूल केल्यावरही ३०व्या वचनात तो वडीलजनांसमोर मान राखण्याची विनंती करतो. मेंढरांपेक्षा पत सोडणे त्याला जड गेले.

लेवीय ६ नेमके इथेच बोट ठेवते. कोणी ठेव दाबली, शेजाऱ्याला लुबाडले किंवा सापडलेली वस्तू नाकारली, तर त्याने मुद्दल पूर्ण परत करावे आणि त्यावर पाचवा हिस्सा घालावा. म्हणजे १०० ला १२०. ते द्यायचे मालकाला, आणि ज्या दिवशी दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा यज्ञ, आणायचे त्याच दिवशी. मालकाचे देणे थकवून वेदीपाशी जायची सोय नाही. प्रभू येशूनेही मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे तसेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवले.

पकडलेल्या चोराचा हिशेब वेगळा. चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट. विकले किंवा कापले असेल तर मेंढराला चार मेंढरे, बैलाला पाच. जकातदार जक्कयाला कोणी पकडले नव्हते. तरी पाचव्या हिश्शावर न थांबता त्याने स्वतःला चौपट लावून घेतली. लूक १९ मधले हे वाक्य मला फार थोर वाटते.

आज कोणाला असे देणे फेडायचे असेल तर क्रम सरळ आहे. आधी कागदावर नाव, रक्कम, काळ. आकडा नीट आठवत नसेल तर वरचा धरावा, कारण आपली आठवण आपल्याच बाजूने झुकते. मग घरच्यांना सांगावे. झळ त्यांनाही लागणार असते. मग मालकाला भेटून थोडक्यात बोलावे: काय घेतले, केव्हा घेतले, हे परत आणले. परिस्थितीचे पुराण लावू नये. 'पण' आला की कबुली संपते आणि वकिली सुरू होते. सगळे एकदम जमत नसेल तर पूर्ण आकडा सांगून पहिला हप्ता हातात ठेवावा आणि पुढची तारीख ठरवावी.

फसते ते बहुधा दोन ठिकाणी. एक, निनावी पाकीट. पैसे पोचतात, पण गणना ५:७ परतफेडीआधी कबुली मागते, आणि किंमत तर तिचीच असते. दुसरे, समोरच्याने लगेच क्षमा करावी ही अपेक्षा. लेवीय ६:७ मधली क्षमा परमेश्वराकडची आहे. मालक काय म्हणेल याची हमी तिथे नाही. तो रागावेल, चारचौघांत सांगेल, कायद्याची वाटही धरेल. त्याचा तो हक्क गृहीत धरूनच उंबरठा ओलांडावा. कबुलीने तिसऱ्याच माणसाला इजा होणार असेल, तर मात्र आधी एखाद्या जाणत्या विश्वासणाऱ्याशी किंवा पाळकांशी बोलावे. फक्त हा सल्ला पुढे ढकलण्याचे निमित्त होऊ देऊ नये.

मालकच हयात नसेल तर? गणना ५:८ नुसार जवळच्या नातलगाला द्यावे. तोही नसेल तरच ते परमेश्वराचे, म्हणजे याजकाकडे जाते. दानपेटीची पाळी येते ती वारसाचा प्रामाणिक शोध घेऊन झाल्यावर.