केत्तारामचे तीन सामने

माझी भाची तेरा वर्षांची आहे आणि ऑफस्पिन टाकते. सांगलीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलींना स्मृती मानधना आपल्या गावची असल्याचा फार अभिमान असतो, तसा तिलाही आहे. पण आंतरराष्ट्रीय सामना मैदानावर बसून तिनं कधी पाहिला नव्हता. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. षटक संपल्यावर गोलंदाज कुठं जाऊन उभी राहते, कुणाशी बोलते, मिडऑनला दोन पावलं मागं का सरकवते, हे घरी बसून कळत नाही. ते तिला दाखवायचं माझ्या फार मनात होतं.

2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत ते जमलं. भारत, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका या महिला संघांची एकदिवसीय तिरंगी मालिका 27 एप्रिल ते 11 मे या काळात श्रीलंकेत होती. सातही सामने कोलंबोच्या आर. प्रेमदासा स्टेडियमवर. प्रत्येक संघ दुसऱ्या दोघांशी दोनदा खेळणार आणि पहिले दोन अंतिम फेरीत. आम्ही शेवटचे तीन सामने धरले: 7 मे, 9 मे आणि 11 मे. गाव बदलायचं नाही, सामान हलवायचं नाही, एका दिवसाआड सामना. मुलांना घेऊन जाणार असाल तर अशीच एका मैदानावरची मालिका बघा. द्विपक्षीय दौऱ्यात तीन गावं पालथी घालण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

आधी तयारीचं सांगते. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्हीकडची वेळ एकच. ईटीए, म्हणजे तिथला ऑनलाइन प्रवेश परवाना, फक्त सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. त्याचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर राहू नका. मूल तुमचं स्वतःचं नसेल तर आईवडिलांचं संमतीपत्र नोटरी करून न्या, सोबत त्यांच्या पासपोर्टच्या प्रती ठेवा. मी नेलं होतं आणि त्यामुळे विमानतळावर मी निर्धास्त होते.

आम्ही 6 मेला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे घरून फोन आला, ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं. उत्तरेकडचे बरेच विमानतळ बंद झाले, 9 मेला आयपीएलसुद्धा थांबवली. मुंबईची वाहतूक चालू होती, पण त्या दिवसांत बहिणीचा जीव थाऱ्यावर नव्हता आणि माझाही. तेव्हापासून परदेशी प्रवासाचं तिकीट बदलता येण्यासारखंच घ्यायचं आणि प्रवास विमा काढायचाच, हे मी ठरवून टाकलंय. तुम्हीही काढा.

विमानतळ शहराच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, बत्तीसेक किलोमीटरवर. सामान कमी असेल तर 187 नंबरची बस थेट फोर्ट-पेट्टा भागात सोडते. सिमकार्ड आणि चलन विमानतळावरच घेऊन टाका. आपल्या एका रुपयाला तेव्हा तिथले साधारण साडेतीन रुपये मिळत होते. शहरात फिरायला रिक्षाच, पण हात करून थांबवण्यापेक्षा पिकमी हे ॲप वापरा. भाडं आधी दिसतं, घासाघीस होत नाही.

राहायच्या बाबतीत आमची चूक झाली. स्वस्त मिळालं म्हणून शहराच्या पार दक्षिणेला खोली घेतली. जाहिरातीत ‘स्टेडियम दहा मिनिटांवर’ असं लिहिलं होतं. सकाळच्या गर्दीत पाऊण तास लागला आणि पहिल्या दिवशी राष्ट्रगीतं हुकली. भाचीचा चेहरा इतका उतरला की मी त्याच संध्याकाळी फोर्ट भागात दुसरी खोली शोधली. चार पैसे जास्त गेले, पण तिथून मैदान खरोखर जवळ आहे. या मालिकेत सामने सकाळी दहाला सुरू होत होते आणि संघ त्याच्या तासभर आधीपासून सराव करत असतात. तो सराव चुकवू नका. तीस-चाळीस पावलांवर क्षेत्ररक्षणाचा सराव चाललेला असतो आणि खेळाडूंची एकमेकींना घातलेली हाक ऐकू येते.

मैदानाला जुने लोक अजून केत्ताराम म्हणतात, रिक्षावाल्यांनाही तेच नाव पटकन कळतं. माळिगावत्तच्या दाट वस्तीत ते उभं आहे. पूर्वी इथं दलदल होती, 1986 मध्ये स्टेडियम झालं. आपल्या माणसांची या मैदानाची आठवण थोडी कडूगोड आहे. ऑगस्ट 1997 मध्ये डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीनं कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केलं ते इथंच. आणि त्यानंतर श्रीलंकेनं 6 बाद 952 धावा केल्या, जयसूर्यानं 340, त्याही इथंच. भाचीला हे सांगितलं तर ती बराच वेळ खेळपट्टीकडे बघत बसली. पहिल्या चेंडूवर बळी मिळाल्यावर पुढं एवढा वेळ गोलंदाजी करत राहायची म्हणजे काय, हे तिला टाकणारी म्हणून कळलं असणार.

पस्तीस हजारांचं मैदान आहे, आणि महिलांच्या साखळी सामन्यांना मोकळ्या खुर्च्याच जास्त. प्रवेशाची पद्धत मालिकेगणिक बदलते, आदल्या आठवड्यात श्रीलंका क्रिकेट मंडळाच्या अधिकृत पानावर बघून घ्या. बसायला पश्चिमेकडची बाजू घ्या, दुपारनंतर ऊन पाठीशी येतं. टोपी, सुती सदरा, पंचा आणि मीठ-साखरेच्या पुड्या न्या. कोलंबोचा उकाडा आपल्या कोकणातल्या मेसारखा, अंगाला चिकटणारा. दुपारी गडगडाट होऊन सर येऊ शकते. मालिकेचा पहिलाच सामना पावसामुळे 39 षटकांचा झाला होता. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागच्याला मैदान दिसतं.

7 मेला भारत आणि दक्षिण आफ्रिका. जेमिमा रॉड्रिग्जनं 101 चेंडूंत 123 केल्या, दीप्ती शर्मानं 93. आकडे तुम्ही कुठंही वाचाल. मैदानावरून जे दिसलं ते धावणं. जेमिमा चेंडू टोलवून लगेच पळत नाही, आधी हाक देते, आणि ती हाक आमच्यापर्यंत येत होती. दुसरी धाव घ्यायची असेल तर पहिलीच्या शेवटी बॅट कुठल्या हातात घेऊन वळायचं हे भाचीनं त्या दोघींकडं बघून माझ्या वहीत चित्र काढून ठेवलं. भारताच्या 337 धावा झाल्या आणि तरीही सामना सहज सुटला नाही, दक्षिण आफ्रिका 314 पर्यंत आली. सहा महिन्यांनी, 2 नोव्हेंबरला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर याच दोन संघांची विश्वचषकाची अंतिम लढत झाली आणि भारतानं ती 52 धावांनी जिंकली, तेव्हा आम्ही दोघी टीव्हीसमोर ती वही काढून बसलो होतो.

9 मेचा सामना श्रीलंका विरुद्ध दक्षिण आफ्रिका. भारत आणि श्रीलंका अंतिम फेरीत आधीच पोचलेले, दक्षिण आफ्रिका बाहेर. आमच्या लॉजवर उतरलेली दोन भारतीय कुटुंबं त्या दिवशी गाल्लला फिरायला गेली. आम्ही मैदानावर गेलो, आणि तुम्हालाही माझं कळकळीनं हेच सांगणं आहे: तिरंगी मालिकेला गेलात तर आपला संघ खेळत नसेल तो दिवस सोडू नका. जिंकण्या-हरण्याचं ओझं छातीवर नसतं, त्यामुळे खेळ दिसतो. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या ॲनरी डर्कसननं आपलं पहिलं एकदिवसीय शतक केलं आणि क्लोई ट्रायननं हॅटट्रिकसह पाच बळी घेतले. हॅटट्रिकचा चेंडू पडायच्या आधी कोण कुठं उभं राहतंय हे भाची बोटांनी मोजत होती. स्पर्धेतून बाद झालेल्या संघाच्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या, आणि आमच्या पुढच्या रांगेतले श्रीलंकेचे पाठीराखे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

खाण्याचं बोलू. मैदानाबाहेर वाटाण्या-हरभऱ्याची कडल मिळते, वरून खोबऱ्याचे काप आणि लाल मिरची, पोट भरतं. केशरी शहाळं मिळतं, त्याला तंबिली म्हणतात, दिवसाला दोन तरी प्या. कवठाचं घट्ट सरबत जागोजागी. आमच्याकडं कवठ महाशिवरात्रीच्या चटणीपुरतं घरात येतं, इथं ते रोजचं पेय आहे. शाकाहारी असाल तर एक नीट लक्षात ठेवा: खोबऱ्याची लाल चटणी, पोल सांबोल, दिसायला निव्वळ शाकाहारी असते, पण तिच्यात बहुधा सुक्या माशाची पूड घातलेली असते. ‘उंबलकड’ हा शब्द पाठ करा आणि आधी विचारा. वेल्लवत्त भागात तमिळ शाकाहारी खाणावळी आहेत, तिथं निर्धास्त जेवता येतं. सकाळी शेवयांसारखे इडिअप्पम आणि वरणासारखा परिप्पु आम्हाला रोज चालला.

भाषेची अडचण वाटली नाही. धन्यवादाला ते ‘स्तुती’ म्हणतात. मोठ्या बहिणीला ‘अक्का’. सांगलीच्या मुलीला हे ऐकून किती बरं वाटलं असेल! कडल विकणाऱ्या बाईनं मला अक्का म्हणून हाक मारली आणि भाचीला ‘नंगी’, म्हणजे धाकटी बहीण. तिसऱ्या दिवशी ती आम्ही न मागताच पुडा बांधायला लागली.

11 मे, रविवार, अंतिम सामना. या दिवशी लवकर निघा. रस्ते मैदानाजवळ अडवलेले असतात, शेवटचा टप्पा चालावा लागतो. पपरे वाजवणारे, म्हणजे ढोल-ताशे आणि पिपाण्यांचा तिथला ताफा, स्टँडात होते. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाचे पाय त्या तालावर आपोआप हलतात. स्मृती मानधनानं 101 चेंडूंत 116 केल्या. शतक झाल्यावर भाची ओरडली नाही, नुसती उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरून. पलीकडच्या श्रीलंकन आजोबांनी तिच्याकडं बघून विचारलं, तुमच्या गावची? मी हो म्हटलं. त्यांनी हात जोडले.

भारताच्या 7 बाद 342. मग भाचीला जे पाहायचं होतं ते आलं. भारताची ऑफस्पिनर स्नेह राणा. वर्षभराहून जास्त काळ ती एकदिवसीय संघाबाहेर होती आणि या मालिकेत पाच सामन्यांत 15 बळी घेऊन मालिकावीर ठरली. अंतिम सामन्यात 38 धावांत 4. आम्ही मुद्दाम तिच्या बाजूला, गोलंदाजीच्या हाताच्या रेषेत, जागा बदलून बसलो. गर्दी जास्त असली तरी कोपऱ्यातले ब्लॉक रिकामे होते, विचारून जाता आलं. राणा चेंडू टाकायला वळण्याआधी उजव्या तळव्यावर तो दोनदा फिरवते आणि शिवण चाचपते. वेग कमी करायचा तर पळणं तेवढंच राहतं, हात मात्र किंचित उशिरा वर येतो. भाचीनं हे मला दाखवलं, मी तिला नाही. श्रीलंकेची कर्णधार चामरी अटापट्टू 51 वर परतली तेव्हा सगळं स्टेडियम एक क्षण गप्प झालं, आणि मग तिच्यासाठी पपरे वाजले. श्रीलंका 245 वर थांबली, भारत 97 धावांनी जिंकला.

परतीचं तिकीट आम्ही 13 चं काढलं होतं ते वेसकसाठी. वेसक म्हणजे तिथली बुद्धपौर्णिमा, 12 मेला होती. त्या दिवशी दारू मिळत नाही, बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे खरेदी आदल्या दिवशी उरकून घ्या. पण संध्याकाळी गंगारामय मंदिराच्या आणि बेईरा तलावाच्या भागात नक्की जा. कागदी आकाशकंदील घरोघरी, दिवाळीचेच वाटतात. रस्त्यात दानसल लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण किंवा सरबत देणारे मांडव. रांगेत उभं राहायचं, पानात पडेल ते खायचं, पैसे देऊ करायचे नाहीत. गर्दी फार असते, मुलाच्या खिशात लॉजचा पत्ता लिहून ठेवा.

13 ला पहाटे 187 ची बस पकडली. भाचीच्या हातात संत्रं होतं, दानसलमध्ये मिळालेलं. कटुनायकेपर्यंत ती ते उजव्या तळव्यावर फिरवत होती, दोनदा, आणि मग बोटं शिवणीवर ठेवल्यासारखी.