बर्फात ठेवलेलं फायब्रिनोजेन

माझं पीएचडीचं काम फुरशाच्या विषावर आहे. फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त गोठेनासं होतं, कारण रक्ताची गुठळी ज्यातून बनते ते फायब्रिनोजेनच संपत जातं. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात ते लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असतं. विषातली एन्झाइम्स ते थेट तोडतात का, हे मला बघायचं होतं. गाईच्या रक्तातलं स्वस्त पडलं असतं, पण माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "फुरसं गवत कापणाऱ्याला चावतं, गाईचं कशाला तपासतेस?"

इंडेंटवर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावर, मी नुसतं 'मानवी फायब्रिनोजेन' लिहिलं. परचेसमधल्या काकांनी कागद परत पाठवला: यातलं नेमकं कुठलं? रागच आला, पण बरोबर त्यांचंच होतं. फायब्रिनोजेन शुद्ध करताना प्लाझ्मिनोजेन सोबत येऊ शकतं. त्याचं प्लाझ्मिन झालं की तेही फायब्रिनोजेन तोडतं. मग चोर विष की प्लाझ्मिन, कसं ओळखणार? म्हणून प्लाझ्मिनोजेन काढून टाकलेलं मागवलं. तीन कोटेशनं, सह्या, पुन्हा सह्या. अकरा आठवडे गेले.

खोका शुक्रवारी संध्याकाळी आला, तोही ड्राय आइस जवळजवळ उडून गेलेला. आत कोरडी पावडर होती म्हणून निभावलं. सोबतच्या कागदावर एचआयव्ही आणि कावीळ बी, सीच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. तरी माणसाच्या रक्तातलं ते, हातमोजे आणि बायोसेफ्टी कॅबिनेट सुटत नाही.

पहिली व्हायल मी घालवली. प्रथिन म्हटलं की बर्फ, ही हाताला लागलेली सवय. फ्रीझरमधून काढली, लगेच उघडली, बफर घातलं, व्हॉर्टेक्सवर, म्हणजे जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर, धरली आणि बर्फात ठेवली. अर्ध्या तासानं बघते तर नासलेल्या दुधासारखे पांढरे धागे. फायब्रिनोजेनला थंडी सोसत नाही, हे मी क्रायोप्रेसिपिटेटच्या धड्यात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं! रक्तपेढ्या गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच वितळवून त्याचा हाच भाग वेगळा काढतात.

दुसरी व्हायल बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ दिली, नाहीतर पावडर ओल धरते. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये गरम केलेलं सलाइन हळूच सोडलं. हलवलं नाही, अधूनमधून नुसतं कलतं केलं. तासाभरानं द्रावण नितळ. थोड्याशा द्रावणात थ्रॉम्बिन, म्हणजे फायब्रिनोजेनची गुठळी करणारं एन्झाइम, घालून ट्यूब उलटी धरली. थेंबही पडला नाही. उरलेल्याचे लहान वाटे करून उणे ८० ला टाकले.

मग जेल चालवलं, त्यात प्रथिनांचे तुकडे आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत दिसतात. नुसत्या फायब्रिनोजेनच्या रांगेत त्याच्या आल्फा, बीटा, गॅमा साखळ्यांच्या तिन्ही पट्ट्या जागेवर. विष घातलेल्या रांगेत सगळ्यात वरची आल्फाची पट्टी गायब, खाली तुकडे. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वाट्यांवर 'बर्फात ठेवू नये' लिहिलंस का?"

लिहिलं होतं. लाल मार्करनं.