51 पेगासी: ग्रह न बघता ग्रह सापडला

ताऱ्याचा प्रकाश स्पेक्ट्रोग्राफमधून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात, लोखंडाच्या, सोडियमच्या, कॅल्शियमच्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. तारा आपल्याकडे येत असेल तर त्या निळ्याकडे सरकतात, लांब जात असेल तर लालकडे. आणि ग्रह फिरतो तेव्हा ताराही जागेवर गप्प बसत नाही, तोही थोडासा फिरतो, म्हणून रेषा ठरावीक दिवसांनी मागेपुढे होत असतील तर तिथे कोणीतरी आहे, दिसो वा न दिसो.

ऐकायला सोपं आहे, पण आकडा बघा. 51 पेगासी हा साधारण 50 प्रकाशवर्षांवरचा सूर्यासारखा तारा, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 55-60 मीटर इकडेतिकडे होतो, म्हणजे रेषा सरकणार तरंगलांबीच्या एक कोटी भागांतले दोनेक भाग! एका रेषेवरून हे कळणं शक्यच नाही, म्हणून फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत एलोडी नावाच्या स्पेक्ट्रोग्राफवर हजारो रेषा एकदम जुळवून बघायचे, सोबत थोरियम-आरगॉन दिव्याचा स्पेक्ट्रम (रेषांच्या जागा पक्क्या माहीत असलेला रंगांचा पट्टा) पण घ्यायचे, म्हणजे यंत्र हललं की तारा हे वेगळं काढता येतं.

एलोडीवर हे काम करणारे दिदिए केलोझ तेव्हा पीएचडी करत होते, मिशेल मायोर त्यांचे गाईड. केलोझना आधी यंत्रातच गडबड वाटली कारण फेरी निघत होती 4.2 दिवसांची, आपल्या बुधाला 88 दिवस लागतात आणि इथे तर गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह! खरं तर असे ग्रह ताऱ्याला चिकटून असू शकतात हे खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी 1952 सालीच मांडलं होतं, कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. तारा काही महिने आकाशात सूर्याच्या बाजूला गेला म्हणून दिसेना, केलोझ आणि मायोर यांनी घाई केली नाही, जुलै 1995 मध्ये रेषा कुठे असायला हव्यात याचं गणित मांडून ठेवलं आणि त्या तिथेच सापडल्या. मग ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्सला जाहीर केलं, अमेरिकेत मार्सी आणि बटलर या खगोलशास्त्रज्ञांनी लगेच दुर्बीण लावून खात्री केली. त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांचा डेटा पडून होता, तो त्यांनी झपाट्याने तपासायला घेतला आणि जानेवारी 1996 मध्ये त्यातूनच आणखी दोन ग्रह जाहीर केले.