दुसऱ्याच्या ताटात डोकावताना

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, असे लहानपणी मला अनेकदा बजावले गेले. पण सवय काही गेली नाही. त्यामुळे नेमिऑप्सिस लेइडाय या कॉम्ब जेलीची, म्हणजे जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या एका समुद्री प्राण्याची, चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कोण आनंद झाला, कारण या प्राण्याचे ताटच काय, पोटसुद्धा आरपार दिसते. वीतभरही लांबी नसलेला आणि जवळजवळ सगळा पाण्याचाच बनलेला हा जीव. अंगावर सूक्ष्म केसांच्या फण्यांच्या आठ ओळी, त्या हलल्या की इंद्रधनुष्याचे रंग सरसरत खाली उतरतात, आणि मधोमध, बरणीत भरून ठेवावेत तसे, नुकतेच गिळलेले कोपेपॉड. पाहुण्याने काय खाल्ले, हे विचारण्याची सोयच उरलेली नाही.

कोपेपॉड म्हणजे समुद्रात तरंगणारे, खेकड्या-कोळंब्यांच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीव. ते दिसायला किरकोळ असले तरी पकडायला महाकठीण, कारण आजूबाजूचे पाणी जरा ढवळले की त्यांच्या मिशांना ते कळते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते उडी मारून पसार होतात. आता अशा सावध प्राण्याला डोळे नसलेल्या, दात नसलेल्या, धड पोहताही न येणाऱ्या लिबलिबीत गोळ्याने पकडावे तरी कसे? तो पाठलाग करतच नाही. आपल्या दोन रुंद पाळ्या पसरून तो संथपणे तरंगत राहतो, आणि त्या पाळ्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या कानासारख्या चार अवयवांवरचे केस अखंड हलवून पाणी आत ओढत राहतो. हा प्रवाह इतका एकसारखा आणि इतका मंद असतो की त्यातून वाहत येणाऱ्या कोपेपॉडला आपण कुठे निघालो आहोत याचा पत्ताच लागत नाही. शंका येते तेव्हा तो दोन्ही पाळ्यांच्या मधोमध पोहोचलेला असतो. तो जिवाच्या आकांताने उडी मारतो आणि बहुधा नेमका चिकट भिंतीवर जाऊन आदळतो. खऱ्या जेलीफिशसारखे डंख या प्राण्याजवळ नाहीत, पण त्याच्या चिकट पेशी डंखापेक्षा कमी नाहीत. तिथून तोंडापर्यंतचा प्रवास अगदी सावकाश होतो, आणि तोही आपल्याला दिसतो.

खाण्याच्या बाबतीत त्याला नावडते असे फारसे काही नाही. कोपेपॉड, शिंपल्यांच्या अळ्या, माशांची अंडी, नुकती अंड्यातून बाहेर आलेली माशांची पिल्ले, जे प्रवाहात येईल ते आत. पोट भरले तरी प्रवाह थांबत नाही, आणि जास्तीचे भक्ष्य चिकट स्रावात गुंडाळून तो चक्क बाहेर टाकून देतो. बकासुराला निदान गाडाभर अन्न संपवण्याची प्रामाणिक इच्छा तरी होती!

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हा खादाडपणा कुणाच्या डोळ्यांवर आला नसता, कारण तिथे त्याला खाणारेही आहेत. परंतु जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात, त्यातून हा पाहुणा काळ्या समुद्रात पोहोचला. 1982 साली तो तिथे प्रथम आढळला आणि दशक संपता संपता त्याने अक्षरशः उच्छाद मांडला. एकच प्राणी नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे, आणि दिवसाला हजारो अंडी घालण्याची त्याची ताकद असल्यामुळे, जोडीदाराची वाट पाहण्याचाही प्रश्न नव्हता. त्याच सुमारास अँकोव्ही या लहान माशाची मासेमारी कोसळली. अँकोव्हीचे अन्नही हेच प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, आणि तिची अंडी व पिल्ले तर जेलीच्याच ताटात. म्हणजे मार दुहेरी. तरीही सगळे खापर या पारदर्शक माथ्यावर फोडणे मला पटत नाही. त्याआधीची कित्येक वर्षे माणसाने अँकोव्ही बेसुमार उपसली होती, आणि नद्यांनी वाहून आणलेल्या खतांनी त्या समुद्राची घडी आधीच विस्कटली होती. जेलीने रिकामी झालेली जागा पाहिली आणि पान मांडले.

उपाशी राहण्याचीही कला त्याला अवगत आहे. अन्न मिळेनासे झाले की तो आकाराने लहान लहान होत जातो आणि तग धरून राहतो. बाल्टिक समुद्राच्या पश्चिम भागातल्या निरीक्षणांवर आधारित, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की उन्हाळा सरताना भक्ष्य संपले की मोठ्या जेली स्वतःच्याच जातीची पिल्ले खातात. मग उन्हाळ्याच्या अखेरीस इतकी पिल्ले घालतात कशाला, या कोड्याचा उलगडा तिथे झाला; ती शिदोरी होती.

काळ्या समुद्रात 1997 साली बेरोई ओव्हाटा नावाची दुसरी कॉम्ब जेली आढळली आणि चित्र पालटू लागले. तिचा आहार जवळजवळ एवढाच, इतर कॉम्ब जेली. ती नेमिऑप्सिसला प्रवाहाबिवाहाची भानगड न करता अख्खे गिळते किंवा ताठ केसांच्या दातांनी त्याचा लचका तोडते. तिचेही अंग पारदर्शक असल्यामुळे, गिळलेला खादाड तिच्या पोटात नीट पाहता येतो.