घोरावडेश्वर आणि आमच्या बाई

‘स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या,’ असा शाळेतून फोन आला आणि डोक्यात दुसरं काही आलंच नाही, थेट बाईच आल्या. कुठल्या बाई, हे आमच्या वेळच्या कुणाला सांगावं लागणार नाही. इतिहासाच्या! बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये, पण माझी शाळा म्हणजे त्याच.

१९८६ साली, आठवीत, ऐन श्रावणात त्यांनी आम्हाला घोरावडेश्वरच्या डोंगरावर लेणी बघायला नेलं. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, बेगडेवाडीला उतरून पायी. चढावर वारा असा की धड बोलता येईना. बाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. लेणी मुळात बौद्ध, महादेव नंतरचा, आणि देहूहून तुकोबाही एकांतासाठी इथे येत, एवढं त्यांनी चालताचालता उरकलं. त्यांना घाई होती ती शिलालेखाची.

वर पोचल्यावर त्यांनी घरून काढून आणलेला ब्राह्मीचा, म्हणजे लेण्यातल्या जुन्या लिपीचा, तक्ता उलगडला, आणि वाऱ्याने तो हिसकावून पार हायवेच्या दिशेला नेला. दोघं मागे धावली तर बाई ओरडल्या, “अरे मेल्यांनो, पडाल! कागदच आहे तो!” मग बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून त्या कातळावरच अक्षरं काढू लागल्या. अधिकच्या चिन्हाचा क, खाली आडवी आणि वर उभी रेघ असा न, दोरी लावलेल्या धनुष्यासारखा ध. ओलं अक्षर वाळायच्या आत ते भिंतीवर शोधायचं. वाऱ्यामुळे फार वेळ मिळत नसे, त्यामुळे नुसती झुंबड. धेनुकाकट नावाच्या जुन्या गावच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने मुलासह लेणं दान दिलं, असं तिथे कोरलंय. “राजाने नाही रे, शेतकरणीने!” हे बाईंनी उतरेपर्यंत ऐकवलं.

आज भोसरीत माझं वर्कशॉप आहे, माल बाहेर जातो. परदेशी पाहुणे आले की कार्ल्याबरोबर घोरावडेश्वरही दाखवतोच. जर्मन गिऱ्हाइकाला ब्राह्मीतला क शिकवून ऑर्डर मिळवणारा पुण्यात मी एकटाच असेन.

गेल्या खेपेला मात्र लेण्यात कुणीतरी बदाम कोरलेला दिसला आणि शेजारी मोबाइलवर गाणी चालू होती. आपल्या शाळेची सहलही आता वॉटरपार्कला जाते म्हणे. ते काही मला पटलेलं नाही. आठवीचा वर्ग पुन्हा घोरावडेश्वरला नेणार असाल, तर लोकलची तिकिटं आणि दुपारचं जेवण माझ्याकडे लागलं. तक्ता तेवढा लॅमिनेट करून न्या.