पैसे कापले, पण पोहोचले नाहीत

यूपीआयवरचा विश्वास उडतो तो बहुतेकदा याच क्षणी. खात्यातून रक्कम गेली, दुकानदाराचा स्पीकर गप्प. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, नाहीतर दोन्ही व्यवहार पूर्ण होऊ शकतात. आधी १२ अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवा, स्क्रीनशॉटही घ्या.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम इथे फार मोलाचा आहे, आणि तो फारच कमी जणांना माहीत असतो. व्यक्तीला पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. बँकेने टाळाटाळ केली तर हा नियम लेखी तक्रारीत नमूद कराच. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते.

चुकीच्या माणसाला पैसे गेले तर मात्र ही भरपाई लागू नाही. म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावरचे नाव वाचा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झाली असेल तर तत्काळ १९३० ला फोन करा.