गाईच्या चौथ्या कप्प्याचं भाषांतर

हॅनोव्हरला राहून मी जर्मन पशुवैद्यकीय अहवाल इंग्रजीत आणते. दुभत्या गाईंच्या कागदांत सारखा भेटणारा शब्द म्हणजे ‘लाबमागेनफरलागेरुंग’, पोटाचा एक कप्पा जागचा सरकणं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. चौथा ‘लाबमागेन’, इंग्रजीत ॲबोमेसम. गाय व्याल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो कधी कधी वायूने फुगतो आणि जागा सोडून वर सरकतो, बहुतेकदा डावीकडे. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बरगडीवर टिचकी मारतात, आतून धातूसारखा खणखणीत आवाज येतो. जर्मनमध्ये त्याला ‘स्टीलबँड-एफेक्ट’ म्हणतात, इंग्रजीत नुसतं ‘पिंग’. मला जर्मन शब्द जास्त आवडतो, पण लिहिते पिंगच, कारण इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरला तोच कळतो.

‘फ्रेम्डक्योर्पर’, म्हणजे शब्दशः परकी वस्तू, याचं भाषांतर मात्र वाचणाऱ्यावर ठरतं. चाऱ्यातून गिळलेली तार किंवा खिळा जाळीदार कप्प्यात रुततो, तो हा आजार. शेतकऱ्यासाठी ‘हार्डवेअर डिसीज’, डॉक्टरसाठी ‘ट्रॉमॅटिक रेटिक्युलोपेरिटोनायटिस’.

सगळ्यात जपते ते ‘लिंक्स’ आणि ‘रेख्ट्स’ला, म्हणजे डाव्या-उजव्याला. उजवीकडे सरकलेल्या कप्प्याला पीळ पडू शकतो, आणि मग शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गाय हातची जाते. म्हणून डावं-उजवं मी मूळ कागदाशी पुन्हा ताडून पाहते, कितीही घाई असली तरी.